धूम्रपानबंदीचा जमाखर्च : सोलापूरच्या उंबऱ्यावरून

सार्वजनिक जागी विडी-सिगारेट ओढायला बंदी केली की धंद्याचे काय होते, हा प्रश्न गेली तीसएक वर्षे जगभर विचारला जातो आहे. हॉटेलमालक म्हणतात, गिऱ्हाईक तुटेल. पर्यटन व्यवसायातली मंडळी म्हणतात, परगावचा माणूस दुसरीकडे वळेल. आरोग्याची बाजू मांडणारे सांगतात की असे काही घडत नाही आणि त्यासाठी ते आकडे पुढे करतात. या वादातून अभ्यासांचा एक ठरावीक साचा तयार झाला आहे. कायद्याच्या आधीचा गल्ला आणि कायद्यानंतरचा गल्ला शेजारी-शेजारी ठेवायचे आणि फरक मोजायचा. हा साचा सोलापूरला लावून पाहिला तर काय हाती लागते, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : साच्याने दिलेले उत्तर बरोबर आहे, पण सोलापुरात तो साचा चुकीच्या दुकानाचा गल्ला मोजतो.

गल्ल्याचे शास्त्र

आधी या अभ्यासांना त्यांचे श्रेय देऊ. १९९९ साली स्टँटन ग्लँट्झ आणि ॲनमेरी चार्ल्सवर्थ यांनी अमेरिकेतली तीन राज्ये आणि सहा शहरे निवडून उपाहारगृहांतल्या धूम्रपानबंदीनंतर तिथल्या हॉटेलांचे उत्पन्न घटले का, हे पाहिले. त्यात न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को यांसारखी पर्यटकांची मोठी शहरे होती. उत्पन्न घटल्याचे दिसले नाही. २००३ साली मिशेल स्कोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ९७ अभ्यासांची छाननी केली. ज्यांची मांडणी काटेकोर होती, त्या अभ्यासांत बंदीचा विक्रीवर वा रोजगारावर वाईट परिणाम आढळला नव्हता. धंदा बुडतो असे सांगणारे जे अभ्यास होते, त्या सगळ्यांच्या पाठीशी तंबाखू उद्योग उभा होता. त्यांपैकी अनेकांचा आधार कररूपाने नोंदलेली विक्री नव्हता, तर ‘तुम्हाला काय वाटते’ या प्रश्नाला मालकांनी दिलेले उत्तर होता. भीती मोजून तिला नुकसान म्हणण्याची ही रीत होती.

या छाननीनंतर आयर्लंडने २००४ मध्ये आणि इंग्लंडने २००७ मध्ये बंदी आणली. पब ही ज्या समाजांची ओसरी, त्यांनीही ती पचवली. तेव्हा ‘बंदीने हॉटेल आणि पर्यटन बुडते’ हा दावा टिकत नाही, एवढे मान्य करून पुढे जायला हरकत नाही.

तरीही या साच्याची मर्यादा त्याच्या यशातच दडलेली आहे. त्याने वादाची हद्द विरोधकांकडून घेतली. हॉटेलमालकाने गल्ल्याचा प्रश्न काढला, संशोधकाने गल्ल्याचे उत्तर दिले. ‘स्थानिक व्यवसाय’ या शब्दाचा अर्थ टेबल-खुर्च्या असलेली जागा असा दोघांनीही गृहीत धरला. जिथे तंबाखू फक्त ओढली जाते, त्या शहरात हे चालून जाते. जिथे ती वळली जाते, त्या शहरात चालत नाही.

तीस खुर्च्या, तीस खोल्या

आपल्याकडच्या कायद्याचा प्रवासही याच वाटेने झाला. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, रेल्वे आणि इतर सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. त्या यादीत उपाहारगृहे नव्हती. ती आली २००३ च्या केंद्रीय कायद्याने, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणून ओळखतात. प्रत्यक्ष कडक नियम लागू झाले २ ऑक्टोबर २००८ पासून, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून. दंड दोनशे रुपयांपर्यंत. मात्र तीस किंवा त्याहून अधिक आसनांचे उपाहारगृह आणि तीस किंवा त्याहून अधिक खोल्यांचे हॉटेल यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा राखण्याची सवलत मिळाली.

ही तीसची रेघ बारकाईने पाहण्यासारखी आहे. सवलत मोठ्याला आहे. चार बाकड्यांच्या खानावळीने पूर्ण बंदी पाळायची आणि ऐसपैस हॉटेलने काचेची खोली बांधायची. ज्या धंद्याकडे संघटना, वकील आणि दिल्लीपर्यंतची ये-जा होती, त्याचे म्हणणे नियमाच्या कलमात उतरले. मुंबई महापालिकेने खाद्यगृहांच्या परवान्यावर हुक्क्यासंदर्भात घातलेल्या जादा अटींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्या अटी रद्दही झाल्या. २९ डिसेंबर २०१७ च्या कमला मिल आगीत चौदा जणांचे जीव गेले, तेव्हा कुठे २०१८ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरना बंदी केली. या साऱ्या घडामोडींत ‘व्यवसाय’ म्हणजे काय याचे चित्र मुंबईच्या उपाहारगृहाचेच राहिले.

पर्यटनाच्या बाबतीत आपल्या शेजारचा दाखला गोव्याचा. धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा कायदा गोव्याने १९९७ सालीच केला, केंद्राच्या सहा वर्षे आधी. त्यानंतरच्या काळात गोव्याकडे येणाऱ्यांची संख्या वाढत गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण यावरून ‘बंदीने पर्यटन वाढले’ असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. जो कायदा किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये क्वचितच आठवला जातो, त्याला श्रेयही देता येत नाही आणि दोषही. कायदा कागदावर येणे आणि कायदा अंमलात येणे यांतले अंतर मोजल्याशिवाय आधी-नंतरचा हिशेब फसवा ठरतो. युरोप-अमेरिकेतले निष्कर्ष जसेच्या तसे उचलून आणताना आपण हे अंतर विसरतो.

यात्रेकरूंचे शहर

आता सोलापूर. इथल्या पर्यटनाचा कणा यात्रा आहे. सिद्धेश्वराची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, जिल्ह्यात पंढरपूर आणि अक्कलकोट, शेजारी तुळजापूर. आषाढी-कार्तिकीला येणारा वारकरी तुळशीची माळ घालतो आणि माळकऱ्याने व्यसन सोडलेले असावे ही अपेक्षा कोटपाच्या कित्येक शतके आधीची आहे. स्वामी समर्थांच्या मठात किंवा भवानीच्या गडावर येणारे कुटुंब धूम्रपानाची वेगळी खोली आहे का हे पाहून लॉज ठरवत नाही. बंदीमुळे ही गर्दी घटण्याचे कारणच नव्हते.

दुसरी गोष्ट तंबाखू खाण्याच्या रीतीची. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, पण ओढणारे होते फक्त ३.८ टक्के. धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपला प्रांत मळून खाणाऱ्यांचा आणि मिश्री लावणाऱ्यांचा आहे. धुरावर घातलेली बंदी तंबाखूच्या मोठ्या व्यवहाराला शिवतच नाही. खाण्याच्या तंबाखूला आडवा गेला तो २०१२ चा गुटखाबंदीचा निर्णय. तो वेगळ्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली झाला आणि कर्नाटकच्या सीमेवरच्या या जिल्ह्यात गुटखा पकडल्याच्या बातम्या त्यानंतर नित्याच्या झाल्या.

तिसरी गोष्ट जागेची. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक जागेच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळली. २००८ च्या नियमांनी बसस्थानक, रेल्वे स्थानक, क्रीडांगण यांना पुन्हा बंदीत आणले, पण रस्ता, शेत, बांध, बाजारपेठेतला कट्टा मोकळाच राहिला. आणि विडी ओढली जाते ती तिथेच. यंत्रमागाच्या शेडबाहेर, हमालांच्या तळावर, एसटी स्थानकाच्या फाटकापलीकडच्या चहाच्या टपरीवर. फाटकाच्या आत दंड आणि बाहेर मुभा. टपरीवाल्याला कायद्याची झळ लागली असेल तर ती शाळेपासून शंभर यार्डांत विक्री नको आणि अठरा वर्षांखालच्याला विकायची नाही, या कलमांची. ओढण्यावरच्या बंदीने त्याचे गिऱ्हाईक दोन पावले पुढे सरकले, इतकेच.

म्हणजे साच्याने विचारलेल्या प्रश्नाला सोलापूरचे उत्तर साधे आहे. हॉटेल, खानावळ, लॉज, यात्रा यांना धूम्रपानबंदीने धक्का बसावा असे काही नव्हते. इथे अभ्यास थांबवला तर तो खरा ठरेल आणि निरुपयोगीही.

ज्या धंद्याचे नाव घेतले जाते

कारण तंबाखूच्या कायद्यांचा विषय निघाला की सोलापूरचे नाव हॉटेलांमुळे येत नाही, विड्यांमुळे येते. गिरण्या आणि माग यांच्यासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी शहराचा पूर्व भाग वसवला. पुरुष मागावर, बायका विड्यांवर अशी घराची वाटणी बसली. पुढे जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकेक करून बंद पडल्या आणि घर चालवायला विडी उरली. विड्या वळणाऱ्या बायकांचा आकडा साठ-सत्तर हजारांच्या घरात सांगितला जातो.

काम दिसायला सोपे, प्रत्यक्षात चिवट. तेंदूची पाने भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू पसरून वळायची, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. हे हजार वेळा केले की एका दिवसाची मजुरी. मग टोपली घेऊन कारखान्याच्या शाखेत जायचे. तिथे तपासणारा बसलेला असतो. त्याला न पटलेल्या विड्या बाजूला पडतात आणि त्यांची मजुरी बुडते. पाने कमी पडली तर ती स्वतःच्या पैशाने आणायची. मजुरी कागदावर हजारी दराने ठरते, हातात पडते ती या सगळ्या वजाबाकीनंतरची.

या बाईचे नाव तंबाखूच्या प्रत्येक कायद्याच्या विरोधात घेतले गेले. मार्च २०१५ मध्ये पाकिटावरचा सचित्र इशारा मोठा करण्याचा निर्णय अडला, तेव्हा संसदेच्या संबंधित समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी होते. तंबाखूने कर्करोग होतो हे भारतातल्या अभ्यासाने दाखवलेले नाही, असे त्यांचे विधान देशभर गाजले. त्याच समितीत स्वतः विडी व्यवसायात असलेले खासदार होते. कामगारांची उपजीविका हा त्या वेळी वारंवार पुढे केलेला मुद्दा. अखेर ८५ टक्के जागा व्यापणारा इशारा १ एप्रिल २०१६ पासून आला.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. सार्वजनिक जागी ओढायला केलेली बंदी आणि विडीच्या रोजगाराची घसरण यांचा थेट संबंध जोडण्याला आधार नाही. मोकळी जागा वगळणाऱ्या कायद्याने मोकळ्या जागेत ओढली जाणारी वस्तू संपवली, असे म्हणता येणार नाही. विडीला गाठले ते स्वस्त गुटख्याने, बदलत्या हौशीने, विडी ओढणे कमीपणाचे वाटू लागलेल्या तरुणांनी. तरीही युक्तिवादात दोन्ही एक केले जातात, कारण कारखानदाराच्या नफ्यापेक्षा विडी वळणाऱ्या बाईचा चेहरा समितीपुढे ठेवायला बरा असतो. हॉटेलमालकांनी निदान आपला गल्ला आपल्या नावावर मांडला. विडीच्या बाबतीत गल्ला एकाचा आणि नाव दुसरीचे असा प्रकार आहे.

उंबऱ्याच्या आत

आता ज्या जागेला हा लेख येऊन पोचायचा होता ती जागा. २००८ च्या नियमांनी कामाच्या ठिकाणांनाही धूम्रपानबंदीत आणले. त्यामागचे तत्त्व स्वच्छ होते : पोटासाठी जिथे जावे लागते तिथली हवा माणसाला निवडता येत नाही, म्हणून ती कायद्याने राखावी. वेटर, कारकून, वाहक यांना या तत्त्वाचा लाभ झाला. पण सोलापूरच्या विडी कामगार बाईचे कामाचे ठिकाण तिचे घर आहे. घर ही सार्वजनिक जागा नाही. त्यामुळे तंबाखूच्या सर्वांत जवळ दिवसभर बसलेली कामगार तंबाखूपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या बाहेर राहते. तिच्या सुपातली भुकटी धूर नसते, म्हणून धुराच्या व्याख्येतही बसत नाही. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत पोरांचा अभ्यास, त्याच खोलीत रात्रीची अंथरुणे.

आपल्या कायद्याला घराचा उंबरा कधी ओलांडताच आला नाही, असेही नाही. विडी आणि सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा मुद्दाम घरात बसून काम करणाऱ्यांपर्यंत गेला. कारखानदाराने कच्चा माल दिला आणि बाईने घरी विड्या वळल्या, तर ती त्याची कामगार, असे त्याने मानले. विडी कारखानदारांनी या कायद्याला आव्हान दिले आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मुळात उचलून धरला. १९७६ साली कल्याण निधी आला. त्यातून मुलांना शिष्यवृत्ती, दवाखाने, घरांसाठी साहाय्य मिळू लागले. मजुरीसाठी घर हे कामाचे ठिकाण आहे, हे साठ वर्षांपूर्वी मान्य झाले. आरोग्यासाठी ते अजून मान्य व्हायचे आहे.

सोलापुरात याचे सर्वांत ठळक रूप एका वसाहतीत दिसते. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीला दहा हजारांवर घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. लोक तिला ‘विडी घरकुल’ म्हणतात. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगर झाले. तिथल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत देण्यात आल्या. एवढ्या बायकांच्या नावावर घर होणे ही लहान गोष्ट नाही आणि चळवळीचे हे श्रेय कुणी कमी करू नये. पण धंद्याच्या नावाने ओळखली जाणारी वसाहत म्हणजे दहा हजार घरे आणि त्यांतली कितीतरी एकेका बाईचा कारखाना. स्थानिक व्यवसायावरचा परिणाम मोजायचा तर तो या उंबऱ्याच्या आत मोजायला हवा.

मराठीने हा आतला भाग अगदीच पाहिलेला नाही. अनिल अवचट यांनी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर लिहिले. १९८२ साली ‘युगांतर’ गटाच्या दीपा धनराज आणि सहकारी स्त्रियांनी त्याच बायकांच्या संघर्षावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. तिथली वखार आणि इथले घर यांत फरक आहे. वखारीतल्या बायका एकत्र खोकत होत्या, म्हणून खोकला हा संघटनेचा विषय होऊ शकला. घरात प्रत्येक जण एकटी खोकते. सोलापूरच्या लढ्यांत मजुरी आणि घरे पुढे राहिली, हवेचा मुद्दा मागे पडला, याचे एक कारण या एकटेपणात असावे.

धूम्रपानबंदीचा एक चांगला परिणाम मात्र याच उंबऱ्याच्या आत आढळतो आणि तो गल्ल्याच्या अभ्यासात येत नाही. २००९-१० च्या पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५२.३ टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण ३८.७ टक्क्यांवर आले. घरात ओढायला कोणत्याही कायद्याने मनाई केलेली नाही. बाहेरच्या बंदीने लोकलाज बदलली आणि ती घरापर्यंत पोचली, असा अर्थ लावायला जागा आहे. कायदा उंबऱ्यावर थांबला तरी त्याचा धाक आत जातो. मग त्याची कळकळही आत जायला हवी.

जमेच्या रकान्यात काय धरायचे

यावर एक रास्त आक्षेप येईल. विडीच्या बाजूने बोलणे म्हणजे आजाराच्या बाजूने बोलणे नव्हे का? आक्षेपाचे उत्तर टाळण्यात अर्थ नाही. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा गैरसमज आहे. अर्थतज्ज्ञ रिजो जॉन यांच्या अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात विडीमुळे होणाऱ्या आजार आणि मृत्यूंचा देशाला आलेला खर्च ऐंशी हजार कोटी रुपयांहून अधिक होता. हा खर्च सोसणारा बहुतेक वेळा विडी वळणाऱ्या बाईच्याच आर्थिक थरातला असतो. हमाल, शेतमजूर, मागावरचा कामगार. एका गरीब घरातली मजुरी दुसऱ्या गरीब घरातल्या दवाखान्यातून भरून निघत असेल, तर तिला रोजगारनिर्मिती म्हणून मिरवणे अवघड आहे. बंदी योग्य होती आणि ती अधिक नीट पाळली जायला हवी.

पण त्या बाईला जमेत धरायचे की नाही हा प्रश्न यामुळे मिटत नाही, उलट धारदार होतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा विडीवरचा उपकर रद्द झाला. विकल्या गेलेल्या प्रत्येक विडीतून थोडा पैसा कामगारांच्या निधीत जाण्याची सोय संपली. योजना सरकारच्या अर्थसंकल्पावर तगून आहेत, पण ज्या मालातून पैसा उभा राहतो त्या मालाशी त्यांचे नाते तुटले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ वरून १८ टक्के आणि तेंदूपत्त्यावरचा १८ वरून ५ टक्के करण्याची शिफारस केली. त्याच वेळी सिगारेट आणि गुटख्यासाठी ४० टक्क्यांचा दर सुचवला गेला. समर्थनात पुन्हा तीच विडी कामगार आली. कर कमी होईल, पण कमी झालेल्या करातून हजारी मजुरीत अमुक वाढ झालीच पाहिजे, अशी अट त्या सवलतीला जोडलेली नाही. तीस खुर्च्यांची रेघ आखताना ज्याचे म्हणणे ऐकले गेले तो लाभार्थी होता. इथे जिचे नाव घेतले गेले तिला लाभ मिळेल याची हमी नाही.

दुसऱ्या बाजूचाही दोष सांगायला हवा. तंबाखूविरोधी कार्यक्रमांत या बायकांसाठी ‘पर्यायी रोजगार’ हे दोन शब्द असतात आणि अनेकदा ते शिलाई यंत्राच्या प्रशिक्षणावर थांबतात. सोलापुरात गणवेश शिवण्याचा उद्योग वाढतो आहे, चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. पर्याय इथल्या मातीतच आहेत. पण विडीचे एक वैशिष्ट्य आहे, जे अभ्यासकांनी गंभीरपणे घेतलेले नाही. ते काम घर सोडायला लावत नाही, चुलीपाशी आणि पाळण्यापाशी होते, आणि चाळिशी ओलांडलेल्या, डोळे अधू झालेल्या बाईलाही सवयीने जमते. जो पर्याय तिला रोज आठ तास कारखान्यात बोलावतो, तो तिच्या मुलीसाठी चांगला असेल. तिच्यासाठी तो कामावरून काढल्यासारखाच आहे. म्हणून आईसाठी एक आणि लेकीसाठी एक अशा दोन स्वतंत्र योजना लागतील : आईला मजुरीची आणि निवृत्तिवेतनाची हमी, लेकीला विडीच्या सुपाशी बसावे लागू नये इतके शिक्षण.

तेव्हा धूम्रपानबंदीच्या स्थानिक परिणामाचा पुढचा अभ्यास सोलापुरात करायचा झाला, तर त्याच्या तक्त्यात हॉटेलचे उत्पन्न आणि लॉजच्या भरलेल्या खोल्या हे रकाने असू द्यावेत, त्यांचे उत्तर आपल्याला साधारण ठाऊक आहे. त्यांच्या शेजारी आणखी चार रकाने आखावे लागतील. महिन्यात किती दिवस काम मिळाले. हजार विड्यांना ठरले किती आणि हातात आले किती. ज्या खोलीत विड्या वळल्या जातात तिथल्या हवेत तंबाखूची भुकटी किती. आणि घरातली पंधरा वर्षांची मुलगी त्या वेळी कुठे होती, शाळेत की सुपाशी. हे रकाने भरायला विडी घरकुलात दारोदार जावे लागेल. या शहरात विद्यापीठ आहे, समाजकार्याचे विद्यार्थी आहेत, कामगार संघटनांकडे नावनिशीवार याद्या आहेत आणि बायका दुपारी घरीच असतात.